समांतर बाजू मोजताना माझीच शिकवणी झाली

मुलीचा होमवर्क होता, दहा आकृत्या आणि प्रत्येकीत समांतर बाजूंच्या जोड्या किती ते लिहायचं. म्हटलं दोन मिनिटांत उरकू. चौरस, आयत, समभुज चौकोन प्रत्येकी दोन, समलंब चौकोनात एक, इथवर ठीक. पतंगाला मी ठोकून दिलं दोन, जोडीजोडीने बाजू सारख्या असतात ना म्हणून, तर ही म्हणते बाबा सारख्या आहेत पण त्या शेजारीशेजारी आहेत, कोपऱ्यात भेटतात, मग समांतर कशा? गप्प बसलो.

मग कंपासपेटीतून गुण्या काढला. गुण्याची एक कड आकृतीच्या बाजूवर बसवायची, दुसऱ्या कडेला पट्टी लावून ती घट्ट दाबायची आणि गुण्या पट्टीवरून सरकवत समोरच्या बाजूपर्यंत न्यायचा, तीच कड तिथे तंतोतंत बसली तर समांतर. पहिल्याच फेरीत माझ्या अंगठ्याखालून पट्टी सरकली आणि आयताच्या बाजूसुद्धा समांतर नाहीत असं निघालं, आता बोला!

षटकोनात आम्हाला दोनच जोड्या दिसत होत्या, तिसरी तिरकी होती ती वही फिरवल्यावर दिसली. सुसम, म्हणजे सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेल्या षटकोनात तीन, सुसम अष्टकोनात चार. सुसम पंचकोनात मात्र एकही नाही, कारण कुठल्याही बाजूच्या बरोब्बर समोर बाजू नाही, कोपरा येतो. यावर मी लगेच नियम सांगून मोकळा, की पाच बाजू असल्या की जोडी नसतेच, आणि तिने समोर घराचं चित्र काढलं, दोन उभ्या भिंती, वर त्रिकोणी छप्पर. पाच बाजू, भिंती समांतर. म्हणजे सुसम हा शब्द मी खाल्ला होता.

त्रिकोणात एकही जोडी का नसते, तेवढं मला नीट सांगता आलं. दोन बाजू समांतर धरल्या तर तिसरीजवळच्या दोन कोनांचीच बेरीज 180 अंश होते, तिसऱ्या कोनाला काही उरतच नाही.

शेवटी मी तिला एक गंमत दाखवली, कुठलाही वेडावाकडा चौकोन काढ, चारही बाजूंचे मध्यबिंदू घे आणि ओळीने जोड, आत समांतरभुज चौकोन मिळतो. व्हॅरिन्यॉन नावाच्या फ्रेंच गणितज्ञाचं प्रमेय आहे हे, 1731 साली छापलेलं. तिचा काही विश्वास बसेना. मुद्दाम एक कोपरा आत दबलेला चौकोन काढला, बाणाच्या टोकासारखा, आणि गुण्या घेऊन बसली. तिथेही दोन्ही जोड्या बसल्या.