सहा पावलांचा बांध

हुरडा पार्टीला पुन्हा जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. गेल्या वर्षी बाराशे रुपये मोजून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून डीजे ऐकला. हुरडा मिळाला मूठभर, तोही गार. त्यामुळे ऑफिसातली मैत्रीण सुप्याजवळच्या एका शेताबद्दल म्हणाली, "तिथे काहीच नाही, नुसतं बांधावरून हिंडायचं," तेव्हा ते 'काहीच नाही' फार आवडलं. बाबांना सोबत घेतलं आणि पौषातल्या एका रविवारी पहाटे पाचला निघालो. दिवे घाट, सासवड, जेजुरी. मोरगावच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडले, म्हणून सुपे येईपर्यंत बाबा कुरकुरत होते.

मयूरेश्वर अभयारण्य इथून जवळ. चिंकारांसाठी 1997 साली राखलेला माळ, क्षेत्र जेमतेम 5.14 चौरस किलोमीटर. चिंकारांना हद्द कुठली कळायला? ते हरभऱ्यात उतरतात. कुणी फटाके लावतं, कुणी बुजगावणं उभं करतं. आमच्या यजमानांनी माळाकडच्या दोन सऱ्या सोडूनच दिल्यात. माणशी शंभर रुपये, त्यात चहा. सूचना एकच, "बांध सोडायचा न्हाय."

बांध बघून मात्र बाबा थबकलेच. आमच्या गावी बाबा आणि काका गेली बावीस वर्षं बोलत नाहीत, ते दोन फूट बांधावरून. दोघांनीही दरवर्षी थोडा थोडा कोरला, आता उरलाय तो मांजरालासुद्धा पुरणार नाही. आणि इथे? बाबांनी चपला काढल्या, पावलाला पाऊल लावून आडवं मोजलं. सहा पावलं! वर बोरी, बाभळी, तरवड, निवडुंग. एका बाभळीला सुगरणीचे रिकामे खोपे लटकलेले. वाळक्या गवतातून लाव्यांचा थवा भुर्रकन उडाला तेव्हा मी दचकून ओरडले.

"शेजारचा कोरत नाही?" बाबांनी विचारलं.

"कोरतो की. पर बोरी हायत ना मधी. काट्यात नांगर घालंल कुठनं?"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

हा माणूस कुणी साधुसंत नाही, हे मला आवडलं. बोरं बाजारात जातात, शेंगा शेळ्यांना होतात, सरपण निघतं. हरभऱ्यात त्याने मधे मधे ज्वारीचे दाणे टोकलेत, ते कशाला ते समोरच दिसत होतं. एका उंच ताटावर कोतवाल पक्षी बसला होता. खाली सूर मारायचा, चोचीत घाटेअळी घेऊन परत त्याच ताटावर. आम्ही उभे होतो तेवढ्यात त्याने चार वेळा हे केलं. "ह्याला मजुरी लागत न्हाय," यजमान म्हणाले.

आणि मग मी बांध सोडला. लांबच्या सरीत दोन चिंकारा चरत होत्या, आखूड शेपट्या सारख्या हलत होत्या. फोनमध्ये ठिपक्याएवढ्याही दिसेनात, म्हणून पाच-सहा पावलं खाली उतरले. फोटो निघायच्या आत त्या माळावर पसार. वळून बघते तर माझ्या मागे आडवी झालेली झाडं, घाटे चिरडलेले. यजमान एक शब्द बोलले नाहीत. उकिडवे बसून वाकलेली झाडं सरळ केली, मोडलेली उपटली आणि माझ्या हातात दिली, "घ्या डहाळं. मोडलंच हाय तर खा."

लाजेने घास उतरला नाही, असं लिहायला हवं. खरं म्हणजे सगळा सोलाणा मी खाल्ला. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट दवाने, म्हणजे आंबेने, सलवार पोटरीपर्यंत चिकट झाली होती, घोटा चुरचुरत होता. यजमानांच्या आई याच हरभऱ्यावर रात्री धडपं पसरतात आणि सकाळी पिळून आंब बाटलीत भरतात, पोटदुखीवर. त्यांनी एक थेंब जिभेवर दिला. अजून आठवलं तरी दात आंबतात.

पिठलं-भाकरी झाली. पलीकडच्या शेतात कुणाचा तरी स्पीकर सुरू झाला, तसे आम्ही निघालो.

परतीला जेजुरीच्या गर्दीत तासभर अडकलो. बाबा मागच्या सीटवर पिशवीभर बोरं खात होते आणि प्रत्येक बी रुमालात ठेवत होते. गावी लावायची म्हणे, बांधावर. कुणाच्या बाजूला, असं विचारलं तर त्यांनी काच खाली केली आणि बाहेर बघत बसले.