भिंतीत मुरलेले पाणी

शनिवार, रात्र

पाळीचे पाणी आज आठव्या दिवशी, पहाटे चारच्या सुमारास आले आणि हौदात पडण्याऐवजी देवघराच्या भिंतीत शिरले. आईला जाग आली ती कोनाड्यातून ठिबकणाऱ्या थेंबांच्या आवाजाने. मी बॅटरी घेऊन गेले तेव्हा देव्हाऱ्याखालची शहाबादी फरशी पाण्याखाली गेली होती, गिलाव्याला पोट आले होते आणि कोनाड्यातल्या दादांच्या हिशेबाच्या वह्या भिजून जड झाल्या होत्या. रस्त्याकडेचा कॉक गंजून घट्ट बसलेला. तो पान्याने फिरवीपर्यंत अर्धा तास गेला. वह्यांइतकेच वाईट मला त्या अर्ध्या तासाच्या पाण्याचे वाटते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तेव्हापासून आमच्या औसा तालुक्यात कोणी भांडे विसळलेले पाणीही सहजासहजी मोरीत ओतत नाही, आणि इथे हौदभर पाणी मातीने पिऊन टाकले.

रविवार

सकाळी प्लंबर आणि गवंडीमामा दोघेही आले. मामांनी हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत ठोकत फुटलेली जागा तर दाखवलीच, पण त्याही पलीकडे चार-साडेचार हातांपर्यंत गिलावा भद्द वाजत होता. "बाहेरून कोरडं दिसतंय ताई, पण आत समदा गारा झालाय," ते म्हणाले. ढलपी काढली तेव्हा दगडांमधली माती बोटाने उकरता येईल इतकी मऊ निघाली.

पाइपाचा कापलेला तुकडा मी उजेडाकडे धरून पाहिला. आत तांबूस-काळ्या गंजाच्या बोराएवढ्या गाठी वाढल्या होत्या आणि मधून जेमतेम करंगळी जाईल एवढीच वाट उरली होती. खालच्या अंगाला, कोपराच्या आट्यांपाशी, लोखंड कागदासारखे पातळ होऊन फाटले होते. प्लंबरने सांगितलेले कारण मला पटले. पाइपावरचा जस्ताचा थर एकदा गेला, की ओल आणि हवा मिळून लोखंड खातात, आणि आठवड्यातून एकदाच वाहणाऱ्या पाइपात या दोन्ही गोष्टी आळीपाळीने सतत असतात. पाणी सुटते तेव्हा आत कोंडलेली हवा पुढे रेटली जाते, तिचा आणि पाण्याचा दणका नेमका कोपरावर बसतो. म्हणजे पाइप काल फुटला असला, तरी भिंत बऱ्याच दिवसांपासून थोडी थोडी ओल पीत होती. गेल्या पावसाळ्यात खालच्या हातभर भागाला लोणा धरला होता. मी तो ब्रशने झाडून वरून रंग दिला. तेव्हाच कोणाला तरी विचारायला हवे होते.

हा पाइप भिंतीत कसा गेला, ते आईने दुपारी सांगितले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमचा वाडा उभा राहिला, पण देवघराच्या भिंतीला तिरकी भेग पडली. त्या दिवसांत माळवदाखाली झोपायला माणसे धजत नव्हती. जड मातीचे छप्पर आणि आरपार दगड नसलेल्या मातीतल्या भिंती यांनी किती जीव घेतले, हे सगळ्यांनी जवळून पाहिले होते. दादांनी भेग बुजवली, घर पक्के व्हावे म्हणून भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला आणि त्याच वेळी नळाचा पाइपही झिरी पाडून आत घेतला. दादांना मी दोष देत नाही, कारण भ्यालेल्या माणसाला सिमेंटचाच आधार वाटत होता. पण सिमेंट पाणी आत येऊ देत नाही एवढेच आपण धरून चालतो. आत शिरलेले पाणी ते बाहेरही पडू देत नाही. पूर्वी मातीच्या भिंतीवर माती-शेणाचा किंवा चुन्याचा लेप असे, आणि त्यातून ओल आपोआप उडून जाई.

माळवदाची चिंता मला रात्रभर होती. मामांनी तुळईच्या भिंतीतल्या टोकाला पटाशी टोचून पाहिली. सागवान अजून टणक आहे, ओल तिथवर चढलेली नाही. तरीही त्यांनी खाली लाकडाचे दोन टेकू दिले, आणि ते दिल्यावरच आई जेवली.

गुरुवार

मामांच्या सांगण्यावरून फुगलेला सगळा सिमेंट गिलावा काढून टाकला. पुन्हा सिमेंटच मारून चार दिवसांत मोकळे व्हा, असा सल्ला दोघातिघांनी दिला, पण मी तो मानला नाही. सैल झालेली माती काढून तिथे चुना आणि दगडांच्या चिपा घट्ट बसवल्या आहेत. गिलावाही चुन्याचाच करायचा आहे, मात्र भिंत पूर्ण वाळल्याशिवाय नाही. नवा प्लास्टिकचा पाइप भिंतीबाहेरून, क्लिपांवर नेला आहे. तो डोळ्यांना खुपतो खरा, पण त्याचा प्रत्येक सांधा मला दिसतो, आणि जुन्या घरात पाणी दिसेल अशाच वाटेने न्यावे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. हौदाजवळ एक जादा कॉकही बसवला.

दादांच्या वह्यांची पाने मी ओसरीत दोरीवर टाकली आहेत. पेन्सिलीने लिहिलेले सगळे शाबूत आहे, शाईचे बरेचसे फुटले.

दगड अजून तळव्याला गार लागतात. गिलाव्याला दिवाळीनंतरच हात घालू, असे मामा म्हणतात. तोवर देव स्वयंपाकघरात फळीवर आहेत, आणि आई रोज सकाळी पूजेआधी त्या उघड्या भिंतीला हात लावून येते.