कायरोनेक्सचा फलक: पेन्सिल संपली, शाई सुरू

मागच्या नोंदीत कायरोनेक्स फ्लेकेरी ह्या विषारी बॉक्स जेलीफिशच्या चित्रफलकाची फक्त बाह्यरेषा पक्की झाली होती. आता मुख्य आकृतीचं पेन्सिलकाम पूर्ण झालंय, डोळ्यांच्या मोठ्या आकृतीवर शाई चढलीय आणि दंशकोषांची, म्हणजे डंख मारणाऱ्या सूक्ष्म कुप्यांची, पट्टी अर्ध्यावर आहे. पॉलिपची, म्हणजे दगडाला चिकटून राहणाऱ्या सुरुवातीच्या अवस्थेची, जागा अजून कोरीच. तंत्रापुरतं सांगायचं तर कागद गुळगुळीत, पेन ०.०५चं आणि छटा सगळ्या ठिपक्यांच्या. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, अजिबात नाही. पारदर्शक प्राण्याला वॉश दिला की तो धुरकट दिसतो, असं माझं ठाम मत आहे. वाद घालायचा असेल तर या.

फोटोंमध्ये हा प्राणी म्हणजे पाण्यातलं पाणी. घंटेची, म्हणजे त्याच्या मुख्य शरीराची, कड कुठे संपते तेच कळत नाही, आणि जे कळतं ते सगळं काढायला गेलं तर एकावर एक रेषांचा गुंता होतो. त्यामुळे एक नियम ठरवून टाकला: शिकारीसाठी जे अवयव लागतात ते ठळक, बाकी सगळं फिकट. साध्या जेलीफिशला हा नियम लावता आला नसता. ती प्रवाहाबरोबर वाहते आणि वाटेत सापडेल ते खाते. कायरोनेक्स स्वतः पोहत जाऊन मासे धरतो. एकदा हे डोक्यात बसलं की कुठल्या भागाला किती ठिपके द्यायचे ते आपोआप ठरत जातं.

मुख्य आकृतीत घंटा तिरकी घेतलीय. पूर्ण वाढलेल्या प्राण्याची घंटा साधारण ३० सेंमीपर्यंत जाते. खालच्या चार कोपऱ्यांवर चार मांसल पेडॅलियम (शुंडकांचे बुडखे) असतात आणि प्रत्येकातून १५ पर्यंत शुंडकं, म्हणजे लांब लोंबणारे दंश करणारे अवयव, निघतात, एकूण ६० पर्यंत. शिकार करताना ती सैल सोडली की ३ मीटरपर्यंत लांबतात आणि बारीक होतात. पोहताना आखडून १५ सेंमीच्या आसपास येतात आणि जाड होतात. ३ मीटर कागदावर मावणार नाहीत, म्हणून पोहण्याची अवस्था निवडली. शेजारी एका शुंडकाचे दोन तुकडे दाखवले, एक आखडलेला आणि एक ताणलेला. शुंडक गोल नसून फितीसारखं चपटं असतं आणि त्यावर दंशकोषांचे आडवे पट्टे असतात. आखडलेल्या तुकड्यात हे पट्टे एकमेकांना चिकटलेले, तर ताणलेल्यात त्यांच्यामध्ये मोकळी जागा. दंश झालेल्या माणसाच्या कातडीवर शिडीसारखे आडवे वळ उठतात ते ह्याच पट्ट्यांमुळे. फलकात वळांचं चित्र घालणार नाही, पण हे दोन तुकडे बघून ते कोणालाही कळेल.

घंटेच्या तोंडाशी आतल्या बाजूला वेलॅरियमचा पातळ पडदा आहे. तो तोंड अरुंद करतो, त्यामुळे घंटा आकुंचन पावली की पाण्याचा झोत जोरात बाहेर पडतो आणि प्राण्याला वेग मिळतो. हा पडदा बऱ्याच चित्रांत गाळलेला असतो, ते मला खटकतं. तो नसेल तर पोहणं समजावणार कसं?

आता ज्याच्यात सगळ्यात जास्त वेळ गेला ते रोपॅलियम. घंटेच्या चारही बाजूंना एकेक खोबण असते आणि त्या खोबणीत देठावर लोंबणारा हा छोटा अवयव. एका रोपॅलियमवर ६ डोळे: भिंग असलेले दोन, एक वरचा आणि एक खालचा, शिवाय खड्ड्यासारख्या डोळ्यांची एक जोडी आणि फटीसारख्या डोळ्यांची एक जोडी. चार बाजूंचे मिळून २४. ह्यांच्या रचनेचा सगळ्यात बारीक अभ्यास ट्रायपेडेलिया सिस्टोफोरा ह्या कॅरिबियन खारफुटीतल्या लहान जातीवर झालाय. कायरोनेक्सच्या रोपॅलियमवरही डोळ्यांची मांडणी हीच असते, म्हणून तिथले तपशील आधाराला घेतले आणि फलकाखाली तसं लिहिणार आहे.

निल्सन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की ह्या भिंगांची घडण विलक्षण नेटकी आहे, पण प्रतिमा पडते ती दृष्टिपटलाच्या मागे. म्हणजे दिसतं ते अस्पष्ट. उत्तम भिंग असून अस्पष्ट कशाला, असं वाटतं खरं. पण बारीकसारीक तपशील गाळून मोठ्या, गडद वस्तू तेवढ्या टिपायच्या असतील तर तेच सोयीचं. छेद काढताना किरण मुद्दाम पटलाच्या पलीकडे जाऊन मिळताना दाखवलेत. ते चूक समजून कोणी दुरुस्त करू नये म्हणून तिथे बाणही दिलाय.

रोपॅलियमच्या तळाशी एक जड स्फटिक असतो, कॅल्शियम सल्फेटचा. त्याच्या वजनाने रोपॅलियम ओळंब्यासारखं सरळ राहतं. घंटा आडवी होवो की उलटी, ट्रायपेडेलियाचा वरचा डोळा कायम वरच बघतो. पाण्याच्या पृष्ठभागातून त्याला खारफुटीच्या फांद्यांची कड दिसते आणि त्यावरून तो प्राणी आपली जागा राखतो. गार्म आणि सहकाऱ्यांचं हे काम २०११चं. माझ्या फलकात घंटा तिरकी घेण्याचं खरं कारण हेच. घंटा कलली आहे आणि खोबणीतलं रोपॅलियम मात्र उभं, हे एका नजरेत दिसायला हवं. स्फटिकाला ठिपके अजिबात दिले नाहीत, नुसती कड काढून आत पांढरा ठेवलाय. भोवतीचा भाग दाट केल्यावर तो आपोआप जड दिसायला लागला.

मेंदू नाही हे सगळ्यांना पाठ असतं. पण प्रत्येक रोपॅलियममध्ये चेतापेशींचा गठ्ठा असतो आणि चारही गठ्ठे एका चेताकड्याने जोडलेले असतात. २०२३ मध्ये ट्रायपेडेलिया अनुभवातून अडथळे टाळायला शिकते हेही दाखवलं गेलं. त्यामुळे चेताकडं फिकट न ठेवता ठळक गटात टाकलंय.

दंशकोषांच्या पट्टीकडे येण्याआधी थोडा इतिहास, कारण फलकावर जातीच्या नावाखाली एक ओळ द्यायची आहे. जानेवारी १९५५ मध्ये क्वीन्सलँडमधल्या कार्डवेल इथे पाच वर्षांचा मुलगा उथळ पाण्यात दंश होऊन गेला. केर्न्सचे डॉक्टर ह्यूगो फ्लेकर ह्यांच्या सांगण्यावरून पोलिसांनी तिथे जाळी टाकली. त्यात आलेल्या जेलीफिशपैकी एक ओळखीची नव्हती. ती त्यांनी ॲडलेडला रोनाल्ड साउथकॉट ह्यांच्याकडे पाठवली. साउथकॉटनी नवी प्रजाती (जीनस) आणि नवी जाती (स्पीशीज) म्हणून तिचं वर्णन केलं. म्हणून नावापुढे ‘साउथकॉट, १९५६’ असं लागतं.

दंशकोष म्हणजे पेशीतली दाबाखालची कुपी, आत गुंडाळलेली नळी. ती किती वेगाने सुटते ह्याचं सर्वात नेमकं मोजमाप हायड्रा ह्या जेलीफिशच्या छोट्या नातेवाइकावर झालंय, २००६ मध्ये: ७०० नॅनोसेकंद. कुपीतला दाब १५० बारच्या घरात. कायरोनेक्समध्ये सस्तन प्राण्यांना मारणारं विष मुख्यतः मॅस्टिगोफोर नावाच्या मोठ्या, केळ्यासारख्या वाकलेल्या कुप्यांमध्ये असतं. पट्टीत एक बंद आणि एक सुटलेली कुपी शेजारी शेजारी काढतोय. व्हिनेगरचा मुद्दाही त्यातूनच स्पष्ट होतो: ते कातडीला चिकटलेल्या, न सुटलेल्या कुप्या निकामी करतं. जे विष आत गेलं त्यावर त्याचा उपाय नाही. हे १९८०पासून माहीत आहे, तरी ‘व्हिनेगरने विष उतरतं’ असं अजून सर्रास ऐकू येतं.

आणि ह्या पट्टीनेच फलकाचा आराखडा बदलला. लहान कायरोनेक्स कोळंबीसारखे कवचधारी जीव खातो, मोठा झाला की माशांकडे वळतो. २००२ मध्ये कॅरेट, ऑल्डरस्लेड आणि सीमोर ह्यांनी दाखवलं की त्याच वेळी शुंडकांवर मॅस्टिगोफोरचं प्रमाण वाढतं. वय बदललं की आहार बदलतो आणि आहाराबरोबर शस्त्रही. नुसता एक मोठा नमुना काढून त्याखाली ‘कायरोनेक्स’ लिहिलं तर अर्धी गोष्ट राहून जाते. म्हणून मुख्य आकृतीशेजारी त्याच प्रमाणात एक लहान मेड्यूसा (पोहणारी, घंटेच्या आकाराची अवस्था) घेतली, कमी शुंडकांची. दोघांच्या पट्ट्यांतल्या कुप्याही समोरासमोर ठेवल्या. लहानाच्या पट्टीत मॅस्टिगोफोर विरळ, मोठ्याच्या पट्टीत गर्दी. ते बघताना मला स्वतःलाच मजा आली.

राहिला पॉलिप. एक-दोन मिलिमीटरचा, खाडीतल्या दगडांच्या खालच्या बाजूला चिकटलेला. इतर बऱ्याच जेलीफिशमध्ये एका पॉलिपपासून चकत्या सुटत जातात. इथे अख्खा पॉलिपच एका मेड्यूसात बदलतो आणि ती खाडीतून समुद्राकडे निघते. कायरोनेक्सच्या ह्या सुरुवातीच्या अवस्था यामागुची आणि हार्टविक ह्यांनी १९८० मध्ये मांडल्या. रूपांतराचे तीन टप्पे काढायचा विचार आहे: शुंडकांचे चार गट होताना, त्यांच्या बुडातून डोळे येताना आणि सुटण्याच्या बेतात असताना.

अडलंय ते एका ठिकाणी. दगडाखाली पॉलिप उलटा लोंबतो, तोंड खाली. जसा असतो तसा काढला तर शेजारच्या मेड्यूसाशी दिशा जुळते, कारण तिचंही तोंड खालीच. पण पॉलिप तोंड वर करून काढायची पद्धत रुळलेली आहे आणि बघणाऱ्याला तशीच सवय असते. मी उलट्याच्या बाजूने झुकलोय, वर दगडाची कड दाखवून. ज्यांनी चिकटून राहणारे प्राणी शाईत काढलेत त्यांनी सांगा, दगडाला ठिपके की आडव्या रेषा?