‘सुधारणेस वाव आहे’ म्हणजे नक्की कुठे?

सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवरची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांवरची, आमची १४ मिनिटांची डॉक्युमेंटरी. शूटिंग, परवानग्या, रफ कट (पहिलं कच्चं संकलन), सगळं सुरळीत झालं. गाडी अडली ती फीडबॅकच्या फॉर्मवर. ‘विषय चांगला. गती संथ. सुधारणेस वाव आहे.’ खाली सही. आता एडिटिंगच्या टाइमलाइनवर हात घालायचा कुठे? सही करणाऱ्यांना विचारावं, तर ते आठवडाभर भेटेनात.

‘गती संथ’ वाचलं की प्रत्येक शॉटमधून अर्धा सेकंद कापायचा मोह होतो. आम्हीही तेच केलं. फिल्म १३ मिनिटांवर आली आणि आणखीच रटाळ वाटायला लागली. ज्या शॉटमध्ये माणूस बोलून झाल्यावर क्षणभर गप्प बसतो, तिथलीच फ्रेम आधी उडते ना!

मग जुना कट परत काढला, त्यावर टाइमकोड (पडद्यावर धावणारी वेळ) छापला आणि फिल्म अजिबात न पाहिलेल्या चौघांना बसवलं. कागदावर दोनच रकाने: वेळ, आणि त्या वेळी काय वाटलं. चौघांपैकी तिघांनी ६:४० च्या आसपास एकच गोष्ट लिहिली: ‘हे लोक नुसते बसलेत कशाला?’ पेवाचं तोंड उघडलेलं, हमाल कडेला बसलेले, आत कुणीच उतरत नाही. बंद पेवात प्राणवायू कमी असतो, लगेच उतरलं तर जीव जाऊ शकतो, म्हणून ते थांबलेत. हे आपल्याकडच्यांना सांगावं लागत नाही. फिल्ममध्ये ते वाक्य होतं, पण ९:२० ला, व्यापाऱ्याच्या मुलाखतीत. तेवढं उचलून ६:३० ला ठेवलं. ४० सेकंदांच्या त्या शॉटला हातही लावला नाही, तरी आता लोक श्वास रोखून बघतात. दुखणं गतीचं नव्हतंच, माहिती उशिरा येत होती.

‘आवाज नीट नाही’ हा शेराही असाच. शब्द कळत नाहीत, की पंख्याची घरघर येते, की संगीत बोलण्यावर चढतंय? तिन्हींचे उपाय वेगळे. घरघर प्रत्येक कटला तुटत असेल, तर त्याच खोलीतली ३० सेकंदांची ‘शांतता’, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा आवाज, खाली अंथरावी लागते. ती शूटिंगच्या दिवशीच रेकॉर्ड करून ठेवा, नंतर मिळत नाही.

२००५ च्या पुरात बरीच पेवं बुजली. ‘त्या पुराचं फुटेज टाका’ असं सुचवणाऱ्याला खरं तर ‘पेवं गेली कुठे?’ हे कळलेलं नसतं. बुजलेल्या खड्ड्याकडे बोट दाखवणाऱ्या म्हाताऱ्या हमालाच्या एका शॉटने ते भागलं.

‘कशी वाटली?’ विचारूच नका, सगळे ‘छान’ म्हणतात. ‘पेव म्हणजे काय ते कधी कळलं?’ विचारा. लोक बोलत असताना खुलासे देऊ नका, फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा. नाहीतर घरी जाईपर्यंत फक्त टोचलेलं वाक्य लक्षात राहतं.

दुसरा कट आधीपेक्षा २० सेकंदांनी लांब होता. त्यावर शेरा आला: ‘गती योग्य. सुधारणेस वाव आहे.’

हो, एक राहिलं: कलर (रंगांची दुरुस्ती) आणि संगीत, फीडबॅकच्या या फेऱ्या संपल्यावरच करा. आमचे दोन दिवसांचे कलर त्या ६:४० पायी वाया गेले.