तुम्हीही व्याज घेताच ना!

सीताबर्डीच्या एका पगारदार पतसंस्थेचा मी अकरा वर्षे सचिव होतो, आणि "तुमच्यात आणि बँकेत फरक काय? व्याज तर तुम्हीही घेताच" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही चुकलेला नाही. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून लिहितो.

कायद्यातले उत्तर मला पाठ आहे: सभासदाचे भाग (शेअर) कितीही असले तरी मत एकच, नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत, आणि सहकार खात्याच्या निबंधकांच्या परवानगीशिवाय लाभांश १५ टक्क्यांच्या वर नाही. एवढे ऐकून लोक मान डोलावतात आणि पुढच्या भेटीत तेच विचारतात, म्हणजे उत्तरच अपुरे असावे.

मला खरा फरक मृत्युनिधीत दिसत असे. १८६८ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील मेडव्हिल येथे जॉन अपचर्च यांनी कामगारांचे बंधुमंडळ काढले. सभासद वारला की उरलेल्यांनी प्रत्येकी एक डॉलर त्याच्या कुटुंबासाठी द्यायचा. आमचा निधीही त्याच वळणाचा होता, फक्त वर्गणी पगारातून कापली जाई.

आमचा एक सभासद नोकरीत असतानाच वारला, तेव्हा त्याच्याकडे १,८०,००० रुपये मुद्दल बाकी होते. मृत्युनिधीची रक्कम कर्जात वळती न करता पूर्ण वहिनींच्या हाती द्यावी, असे संचालक मंडळाने ठरवले; ठराव मीच लिहिला आणि आमसभेत "ही संस्था नाही, घर आहे" असे छातीठोकपणे सांगितले. मग बाकी कोणाकडून वसूल झाली? दोन जामीनदारांकडून, दरमहा प्रत्येकी ३,००० रुपये, तीस महिने. कपातीच्या पत्रांवर सही माझीच होती. त्यांतला एक माझा जुना मित्र. तो एवढेच म्हणाला, "भाऊ, बँकेचा साहेब माझ्या घरी चहाला तरी येत नव्हता."

नियमाने मी चुकलो नव्हतो, हे आजही म्हणेन. पण औदार्य आमचे आणि खिसा त्यांचा, हे मला तेव्हा दिसले नाही, किंवा दिसूनही मी पाहिले नाही. मग निधी वळता करून वहिनींना रिकाम्या हाताने पाठवायला हवे होते का? तसे म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही.

शेवटची कपात झाल्यावर मी स्वतः बेबाकी दाखला, म्हणजे काही देणे उरले नसल्याचा कागद, घेऊन मित्राकडे गेलो. त्याने तो दारातच घेतला.