तीन बाप्ये, एक तान्हं पोर आणि आमचं नॅरेशन

मी अंधेरीत एका प्रॉडक्शन कंपनीत स्क्रिप्ट रीडर आहे, म्हणजे येतील त्या स्क्रिप्टा वाचायच्या, दोन पानी रिपोर्ट लिहायचा आणि मीटिंगला कोपऱ्यात बसून नोट्स घ्यायच्या, विचारलं तरच बोलायचं. गेल्या पावसाळ्यात एका नॅरेशनला (म्हणजे लेखक समोर बसून स्क्रिप्ट ऐकवतो ती मीटिंग) मात्र माझीच टकळी सुरू झाली.

सरांच्या डोक्यात तेव्हा 'थ्री मेन अँड अ बेबी' मराठीत करायचं घोळत होतं. तीन बॅचलर, दारात सोडलेलं बाळ, लंगोट बदलायची कॉमेडी, सगळं सेफ. त्याच दिवशी एक मुलगी स्वतःची स्क्रिप्ट ऐकवायला आली, सिरियलमधली सून म्हणून घराघरात माहीत असलेला चेहरा. तिने फाईल उघडायच्या आत आमचे क्रिएटिव्ह हेड हसत म्हणाले, "अगं काम चांगलं चाललंय की तुझं, हे लिहायचं खूळ कुठून आलं?" ती नुसतीच पाणी प्यायली आणि मला काय झालं कोण जाणे, मी बोलून गेलो, "सर, आपण ज्याचा रीमेक करायचा म्हणतोय तो मुळात फ्रेंच आहे आणि तो एका नटीनेच लिहिलाय, डिरेक्टही तिनेच केलाय."

मग सांगावंच लागलं. कोलीन सेरो, पॅरिसची, जन्म 1947 चा, वडील ज्याँ-मारी सेरो नाटकं बसवायचे, आई लेखिका. पोरीने संगीत शिकलं, सर्कसचा झुलासुद्धा शिकली (हे ऐकून सरांनी फोन खाली ठेवला), नाटकात कामं केली आणि 1974 मधे पहिला सिनेमा लिहिला त्यात स्वतः अभिनयही केला. पुढे कॅमेरा घेऊन बायकांनाच बोलतं केलं, कामगार, शेतकरी, सगळ्या, तुम्हाला हवंय तरी काय म्हणून. 1985 च्या त्या मूळ फ्रेंच बाळाच्या सिनेमाला फ्रान्समधे 1 कोटीवर प्रेक्षक आले, सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि पटकथेचे सेझार, म्हणजे फ्रान्सचे सिनेमा पुरस्कार, मिळाले, ऑस्करला नामांकन. अमेरिकन रीमेक आधी तीच करणार होती पण जमलं नाही, ती बाहेर पडली आणि 1987 चा 'थ्री मेन अँड अ बेबी' लिओनार्ड निमॉयने डिरेक्ट केला, हो तोच, स्टार ट्रेकमधला टोकदार कानांचा.

सर म्हणाले, ठीक आहे, पण गोष्ट तीच ना? इथे ती मुलगी पहिल्यांदा बोलली, "आई कुठे असते तोवर?"

खरी मेख तिथेच आहे. अमेरिकन सिनेमात शेवटी विमानतळापर्यंत धावाधाव आणि मग सगळे एका घरात गोड. सेरोकडे आई येऊन बाळ घेऊन जाते, हे तिघं आधी सुटलो म्हणून खूश आणि मग पार ढासळतात, आणि काही दिवसांनी तीच आई परत दारात उभी, थकून, मला एकटीला झेपत नाहीये म्हणत. कॉमेडी तिथे बायकांच्या थकव्यावर उभी आहे, लंगोटावर नाही. आपल्याकडे हिंदी सिनेमा 'हे बेबी'पर्यंत सगळ्यांनी लंगोट तेवढा उचलला असं माझं मत, आणि ते मी चक्क बोललोही.

सेरोचं सगळंच चाललं असंही नाही. 1996 चा 'ला बेल व्हर्त' लिहिला, डिरेक्ट केला, संगीतही तिचंच आणि प्रमुख भूमिकाही, थिएटरात आपटला. लोकांना तो नंतर इंटरनेटवर सापडला. हे सांगताना हेड साहेब "बघा" म्हणाले, पण त्याआधी 'ला क्रीझ'च्या पटकथेला परत सेझार मिळाला होता ते ऐकून गप्प.

चहा झाला आणि मुलीने अखेर वाचायला घेतलं. फर्स्ट हाफ पक्का, सेकंड हाफ जरा लांबला. सरांनी विचारलं डिरेक्टर कोण, ती म्हणाली "मी". हेड साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तिला पढवून आणलंय.

दुसरा ड्राफ्ट मागवलाय. रीमेकही सरांच्या डोक्यातून गेलेला नाही, फ्रेंच सिनेमाचे राइट्स सध्या कोणाकडे आहेत ते शोधायचं काम माझ्याच गळ्यात पडलंय.