गच्चीच्या परवानगीत अडकलेले आमचे मेश नेटवर्क

सदाशिव पेठेतील आमच्या गल्लीने मिळून स्वतःचे वायरलेस मेश नेटवर्क उभारले. तांत्रिक काम भराभर झाले. एका गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीची परवानगी मात्र इतकी रखडली की तिचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

अशा नेटवर्कमध्ये प्रत्येक गच्चीवरील राउटर शेजारच्या राउटरशी थेट जोडलेला असतो आणि एक बंद पडला, तर माहिती दुसऱ्या वाटेने पोहोचते. आम्ही राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर आणि लोकांनी स्वतःची नेटवर्क उभारण्याच्या बर्लिनच्या फ्रायफुंक चळवळीतून पुढे आलेली, माहितीची वाट शोधणारी बॅटमॅन ही प्रणाली बसवली. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 पासून आणि 5 गिगाहर्ट्झचा मोठा भाग 2018 पासून परवानामुक्त असल्यामुळे लहरींसाठी परवाना लागला नाही. उपकरण मान्यताप्राप्त असले म्हणजे पुरे.

अडचण होती ती वळणावरच्या उंच इमारतीची. जुने वाडे, पत्र्याचे मजले आणि काँक्रीटच्या टाक्या यांतून 5 गिगाहर्ट्झच्या लहरी नीट जात नाहीत, आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना दिसणारी गच्ची तेवढी एकच होती. सचिवांनी अर्ज घेतला, तोंडी होकार दिला, मग नकाशा मागितला, आणि त्यानंतर राउटर बसवायच्या कमरेएवढ्या उंच पाइपासाठी स्थापत्य अभियंत्याचे पत्र. तेही दिल्यावर मोबाइल टॉवरच्या किरणांचा मुद्दा निघाला. आमच्या उपकरणाची शक्ती एक वॅटहूनही कमी आहे आणि तसाच राउटर त्यांच्या दिवाणखान्यात चालू आहे, हे मी समितीपुढे शांतपणे सांगितले. तेव्हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेवर ढकलण्यात आला. ही सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. ती झालीही, पण विषयपत्रिकेत आमचा अर्ज नव्हता. तो ‘ऐनवेळचे विषय’ यात शेवटी वाचला गेला आणि आगाऊ सूचना नसल्याने ठराव करता येणार नाही, असा निर्णय झाला. त्याच गच्चीच्या कठड्यावरून केबलवाल्याच्या तारा कोणत्याही ठरावाविना वर्षानुवर्षे लोंबकळत होत्या, हे मला विशेष लागले.

मार्ग त्या इमारतीतल्याच एका निवृत्त शिक्षिकेने दाखवला. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली, तर उपविधींनुसार महिन्याभरात विशेष सभा बोलवावी लागते. सह्या त्यांनी स्वतः दारोदार फिरून गोळा केल्या. त्या सभेत कळले की लोकांना खरी धास्ती किरणांची नव्हती, गळतीची होती. नुकतेच वॉटरप्रूफिंग झालेल्या स्लॅबला कोणी छिद्र पाडेल, ही ती भीती. स्लॅबला हातही न लावता, काँक्रीटच्या ठोकळ्यांत पाइप उभा करून खाली रबराची चटई घालू, असे आम्ही लिहून दिल्यावर ठराव सहज संमत झाला. म्हणून अर्जाच्या पहिल्याच ओळीत छिद्र पाडणार नसल्याचे लिहा आणि गच्ची नक्की होईपर्यंत उपकरणे विकत घेऊ नका.

इंटरनेटच्या जोडणीबद्दलही सांगायला हवे. घरगुती जोडणी गल्लीभर वाटण्याआधी तिच्या अटी वाचा. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी या सार्वजनिक वायफायच्या सरकारी योजनेत गल्लीतल्या पीडीओला, म्हणजे वायफाय पुरवणाऱ्या दुकानदाराला किंवा व्यक्तीला, परवाना किंवा नोंदणी लागत नाही, आणि जून 2025 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने अशा जोडणीचे शुल्क 200 एमबीपीएसपर्यंत घरगुती दराच्या दुपटीहून अधिक असू नये, असे ठरवले. शक्य असल्यास दोन रेडिओंचा (लहरी पाठवणाऱ्या-घेणाऱ्या दोन भागांचा) राउटर घ्या, कारण एकाच रेडिओवर प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. केबल राउटरच्या पेटीत शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्या, म्हणजे पावसाचे पाणी तिथूनच ठिबकून जाते. पाइपाला अर्थिंगही हवेच.

आणि ठरावाची सही-शिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात मागून घ्या, गच्चीची किल्ली कोणाकडून आणि केव्हा मिळेल हे त्यात लिहून घ्या, कारण समिती बदलली की तोंडी होकार कोणीही मानत नाही.